नाकावरचे काळे ठिपके : पिळू नका, विरघळू द्या

चतुर्थीच्या आदल्या रात्री माटोळी बांधून झालेली असते, स्वयंपाकघरात नेवऱ्या तळण्याची लगबग चालू असते आणि घरातले सोळा-सतरा वर्षांचे एखादे मूल आरशासमोर नाक दोन बोटांत धरून उभे असते. उद्या पाहुणे येणार, छायाचित्रे निघणार. त्याआधी नाकाच्या शेंड्यावरचे ते चार काळे ठिपके गेलेच पाहिजेत. नखे रुततात, डोळ्यांत पाणी येते, पांढुरकी, अळीसारखी बारीक तार बाहेर येते आणि क्षणभर मोठी मोहीम फत्ते झाल्याचे समाधान लाभते. सकाळी पाहावे तर ठिपक्याच्या जागी लाल, सुजलेली, दुखरी गाठ. पुढे ती बसते. पण मागे राहिलेला तपकिरी डाग दिवाळीपर्यंत आणि कधी कधी पुढच्या शिगम्यापर्यंत सोबत करतो.

ब्लॅकहेड हा त्वचेचा तसा किरकोळ विकार. तो दुखत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि त्याच्या वाटेला कोणी गेले नाही तर सहसा व्रणही ठेवत नाही. चेहऱ्यावर डाग उरतात ते बहुधा त्याला घालवण्याच्या उतावळेपणाचे. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत हा धोका अधिक असतो, कारण अशी त्वचा कोणत्याही इजेला रंगद्रव्य वाढवून उत्तर देते. लालसरपणा चार दिवसांत जातो. त्यानंतरचा काळसर डाग जाण्यास महिने लागतात. म्हणूनच घरच्या घरी ब्लॅकहेड कसे काढावेत, या प्रश्नाचे उत्तर बोटांच्या जोरात शोधण्याऐवजी त्वचेच्या रचनेत शोधणे शहाणपणाचे ठरते.

काळेपणा मळाचा नव्हे

चेहऱ्याच्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या तळाशी केसाचे मूळ आणि त्याला चिकटलेली तेलग्रंथी असते. कपाळ, नाक व हनुवटी या भागांत या ग्रंथींची दाटी मोठी. दर चौरस सेंटीमीटरला ४०० ते ९०० इतकी त्यांची संख्या सांगितली जाते. त्यांतून पाझरणारे तेल, म्हणजे ‘सीबम’, त्वचेला मऊ ठेवते. रंध्राच्या आतील अस्तराच्या पेशी नित्य झडत असतात आणि तेलाबरोबर वर वाहून जातात. हा प्रवाह सुरळीत असतो तोवर त्याची जाणीवही होत नाही.

वयात येताना शरीरातील अँड्रोजेन संप्रेरके वाढतात, तेलग्रंथी फुगतात आणि तेल अधिक बनू लागते. त्याच वेळी झडलेल्या पेशी सुट्या न होता एकमेकींना चिकटून राहतात. तेल आणि पेशी यांचे घट्ट बूच रंध्रात बसते. या बुचावर त्वचेचा पातळ पडदा राहिला तर तो पांढरा दाणा, म्हणजे व्हाइटहेड. तोंड उघडे राहिले तर ब्लॅकहेड. उघड्या तोंडाशी असलेल्या बुचातील मेलॅनिन हे रंगद्रव्य व तेल यांचा हवेतील प्राणवायूशी संबंध येतो आणि त्याचे टोक काळे पडते. कापलेले सफरचंद उघड्यावर तपकिरी व्हावे, तसाच काहीसा हा प्रकार आहे. त्यात धूळ नाही, मळ नाही आणि अस्वच्छतेचा दोषही नाही.

हा गैरसमज फार जुना आहे. ब्लॅकहेडचे शास्त्रीय नाव ‘कॉमेडो’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खादाड असा होतो. शरीर पोखरणाऱ्या अळ्यांनाही पूर्वी याच नावाने ओळखले जाई. पिळल्यावर निघणारी तार अळीसारखी दिसते, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तरुणपणी चेहऱ्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांचे वर्णन क्षुद्ररोगांत आले असून त्यांना मुखदूषिका म्हटले आहे आणि सावरीच्या झाडावरील काट्यांची उपमा दिली आहे. रोग क्षुद्र खरा; परंतु त्याचे दुःख तरुण मनाला कधीच क्षुद्र वाटलेले नाही.

काळेपणा मळाचा नाही, एवढे ध्यानात आले की अर्धी चूक टळते. मळ नसेल तर तो घासून जाणार नाही. दिवसातून सहा वेळा साबण, अक्रोडाच्या कवचाचा खरखरीत स्क्रब किंवा जाड पंचाने केलेली घासाघीस यांमुळे बुचाला धक्काही लागत नाही. सोलवटते ती भोवतालची त्वचा. सोलवटलेली त्वचा सुजते, आणि सुजेने रंध्राचे तोंड आणखी आवळते.

प्रत्येक ठिपका ब्लॅकहेड नसतो

नाकावर दिसणारे बरेचसे ठिपके मुळात ब्लॅकहेड नसतातच. आरशाच्या अगदी जवळ जाऊन पाहिले तर नाकाच्या शेंड्यावर आणि कडांना फिकट करडे, सपाट, जवळजवळ सारख्या अंतरावर पेरलेले बारीक ठिपके दिसतात. हे तेलाचे तंतू होत. रंध्रातून तेल वर येण्याची ती नैसर्गिक वाट आहे आणि ती प्रत्येकाच्या नाकावर असते; तेलकट त्वचेत ठळक दिसते एवढेच. पिळल्यास त्यांतून पिवळसर-पांढरी मऊ तार निघते आणि साधारण महिनाभरात जागा पुन्हा भरते. खरा ब्लॅकहेड अधिक काळा, किंचित उंचवट्याचा, एकटादुकटा आणि विस्कळीत असतो. बोट फिरवल्यास तो कणासारखा हाताला लागतो.

हा भेद जाणणे फार उपयोगाचे आहे. अनेक माणसे वर्षानुवर्षे आपले निरोगी नाक पिळत राहतात, चिकटपट्ट्या लावतात आणि ठिपके परत आले म्हणून खंतावतात. तंतू कायमचे जात नाहीत, जाण्याचे कारणही नाही. पुढे सांगितलेल्या औषधांनी ते फिकट होतात. त्याहून अधिक अपेक्षा धरू नये. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून मोठे करून पाहिलेले नाक कोणाचेच नितळ दिसत नाही.

दमट हवा, खोबरेल आणि हेल्मेट

गोव्याची किनारपट्टीची हवा वर्षातील बहुतेक महिने दमट असते. ब्लॅकहेडचे मूळ कारण हवा नसली, तरी घाम व तेल चेहऱ्यावर साचून राहिल्याने त्रास वाढतो. त्याहून मोठे कारण अनेकदा डोक्यावर असते. केसांना सकाळी चोपडलेले खोबरेल दुपारपर्यंत घामाबरोबर कपाळावर उतरते. खोबरेल केसांसाठी उत्तम. पण रंध्रे बुजवण्याकडे कल असलेल्या तेलांत त्याची गणना होते. केसांच्या चोपड्या प्रसाधनांमुळे कपाळावर येणाऱ्या अशा दाण्यांचे वर्णन अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० साली केले आणि त्यांना ‘पोमेड ॲक्ने’ असे नावच दिले. ज्यांच्या कपाळावर आणि कानशिलांवर बारीक दाण्यांची रांग आहे, त्यांनी तेल न्हाण्यापूर्वी तासभर लावून धुऊन टाकावे. तेल लावून झोपण्याची सवय असेल तर उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. चेहऱ्याला खोबरेल चोळण्याची रीत मात्र तेलकट त्वचेच्या माणसांनी सोडलेली बरी.

दुसरे कारण दुचाकीचे. घामाने भिजलेले हेल्मेटचे अस्तर दररोज कपाळावर घासले जाते. मोटारसायकल पायलट, वितरणाचे काम करणारे तरुण आणि रोज म्हापसा-पणजी ये-जा करणारे विद्यार्थी यांच्या कपाळावरील दाण्यांचे मूळ अनेकदा तिथे सापडते. अस्तर निघण्याजोगे असेल तर आठवड्यातून एकदा धुवावे, नसेल तर आत सुती रुमाल बांधावा. हेल्मेट टाळणे हा त्यावरचा उपाय अर्थातच नव्हे.

आहाराबाबत घरातील मोठी माणसे लगेच तळलेल्या बांगड्याकडे बोट दाखवतात. तळणीचे तेल पोटातून नाकावर येत नाही. मात्र रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, म्हणजे गोड पेये, मैद्याची बिस्किटे, मिठाई, यांचा मुरमांशी संबंध असल्याचे पुरावे आहेत. ते कमी केल्याने नुकसान तर नाहीच.

दिनचर्या साधी, पण रोजची

ब्लॅकहेड घालवण्याच्या सुरक्षित मार्गाला तीन अंगे आहेत : सौम्य धुणे, बूच सैल करणारे औषध आणि उन्हापासून रक्षण.

चेहरा दिवसातून दोनदा आणि भरपूर घाम आल्यास आणखी एकदा धुवावा. पाणी कोमट वा साधे असावे. अंगाचा साबण क्षारधर्मी असतो, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी; म्हणून चेहऱ्यासाठी साबणविरहित सौम्य फेसवॉश बरा. बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट हलके चोळून तो धुऊन टाकावा आणि चेहरा पंचाने टिपावा, रगडू नये. धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटली तर वापरलेला पदार्थ तिला मानवलेला नाही, असे समजावे.

तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागते, हे अनेकांना पटत नाही. औषधांनी त्वचा कोरडी पडते, जळजळते आणि मग औषधच सुटते. ते टिकावे यासाठी हलके, तेलविरहित मॉइश्चरायझर मदत करते. वेष्टनावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शब्द असावा. ती काही हमी नव्हे. पण जाड, चोपड्या क्रीमपेक्षा असा पदार्थ रंध्रे बुजवण्याची शक्यता कमी.

सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी किमान ३० एसपीएफचे जेलसारखे हलके सनस्क्रीन लावावे. पुढील औषधांपैकी काहींमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, आणि पूर्वीचे तपकिरी डाग उन्हाने अधिक गडद होतात. ढगाळ पावसाळी दिवसही याला अपवाद नाही.

बूच विरघळवणारी औषधे

घरी वापरण्यास सर्वांत सोपे औषध म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. ते तेलात विरघळते, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात शिरू शकते आणि एकमेकींना चिकटलेल्या मृत पेशींचा बंध सैल करते. औषधांच्या दुकानात ते अर्धा ते २ टक्के प्रमाणात मिळते. फेसवॉशमधील आम्ल काही क्षणांत धुऊन जाते. त्यामुळे चेहऱ्यावर राहू द्यावयाचे जेल किंवा द्रावण अधिक गुणकारी ठरते. आरंभी एक दिवसाआड रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, पातळ थर लावावा. दोन आठवडे त्वचेने कुरकुर केली नाही तर रोज लावण्यास हरकत नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावे. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरे आणि अधिक प्रभावी औषध रेटिनॉइड गटातील. जीवनसत्त्व ‘अ’चे हे आप्त रंध्राच्या अस्तरातील पेशींचे झडणे सुरळीत करतात, म्हणजे असलेले बूच सैल होते आणि नवे बसण्यास अटकाव होतो. यांतील ट्रेटिनॉइन १९७१ पासून मुरमांवर वापरात आहे. ॲडॅपॅलिन त्याहून सौम्य, त्याचे ०.१ टक्क्याचे जेल अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीविना मिळते. आपल्याकडे मात्र ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावीत. रीत अशी : रात्री चेहरा धुऊन वीस मिनिटे कोरडा होऊ द्यावा, मटाराच्या दाण्याएवढे जेल संपूर्ण चेहऱ्याला पुरवावे, डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे व ओठ वगळावेत. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन-तीन रात्रीच. औषध फक्त ठिपक्यांवर न लावता साऱ्या भागावर लावायचे, कारण उद्याचे ब्लॅकहेड आज डोळ्यांना दिसत नसले तरी रंध्रात तयार होत असतात.

रेटिनॉइडच्या आरंभी त्वचा कोरडी पडते, सोलते आणि काहींच्या चेहऱ्यावर पहिल्या काही आठवड्यांत दाणे वाढल्यासारखे दिसतात. अनेकजण नेमके याच टप्प्यावर औषध सोडतात. जळजळ सोसवत नसेल तर दिवसांचे अंतर वाढवावे किंवा आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर औषध लावावे. गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार असताना रेटिनॉइड वापरू नयेत. अशा वेळी ॲझेलेइक आम्लाचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.

बेंझॉइल पेरॉक्साइड हे नावही वारंवार कानी पडते. लाल, पू धरणाऱ्या पुटकुळ्यांवर ते चांगले काम करते. नुसत्या ब्लॅकहेडवर त्याचा उपयोग मर्यादित. त्याने पंचा आणि उशीचे अभ्रे विटतात, एवढे ठाऊक असावे. तिन्ही औषधे एकाच रात्री एकावर एक थापणे ही मात्र चूक. एक औषध निवडावे, आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस लावून पाहावे, मग चेहऱ्यावर घ्यावे.

फरक दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. त्वचेच्या वरच्या थराला नवे होण्यासच सुमारे चार आठवडे लागतात. तिची गती कोणत्याही जाहिरातीने वाढत नाही.

हात शिवशिवतात तेव्हा

त्वचारोगतज्ज्ञ घरी ब्लॅकहेड पिळण्याचा सल्ला देत नाहीत, याला कारण आहे. दोन्ही बाजूंनी दाब दिला की बुचाचा काही भाग वर येतो आणि काही आत ढकलला जातो. रंध्राची भिंत आत फुटली तर तेल आणि जंतू भोवतालच्या ऊतीत पसरतात. ब्लॅकहेडची पुटकुळी होते ती अशी. खोल फुटल्यास कायमचा खळगाही राहतो. शिवाय नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातील शिरांचा संबंध डोळ्यांमागील शिरांमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तपोकळीशी येतो. तेथील पू धरलेली पुटकुळी फोडल्याने संसर्ग आत जाण्याचे प्रसंग विरळ असले, तरी झाल्यास जिवावर बेततात. त्या भागात सूज वाढून ताप, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्याभोवती सूज आली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

न्हाण्यानंतर एखाद्या ठिपक्याचे टोक आपणहून वर आलेले दिसते. ओल्या मऊ कापडाने हलके पुसल्यास ते निघून जाते. तेवढे पुरेसे आहे. ब्लॅकहेड काढण्याची कडी असलेली धातूची सळी प्रशिक्षित हातात शोभते. तरीही ती घरी वापरणाऱ्यांनी काही मर्यादा पाळाव्यातच. ठिपका उघड्या तोंडाचा असावा, भोवती लाली वा दुखरेपणा नसावा. हात धुतलेले, सळी उकळलेली किंवा स्पिरिटने पुसलेली आणि एकाच माणसाची असावी. कडी ठिपक्याभोवती टेकवून हलका, सरळ दाब एकदा द्यावा. बूच निघाले नाही तर त्या दिवसापुरता नाद सोडावा. सुई, टाचणी, केसांची पिन आणि नख यांना पूर्ण मनाई. नंतर जागा पाण्याने धुवावी. त्या रात्री तेथे आम्ल, रेटिनॉइड किंवा मेकअप लावू नये. मधुमेही, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेले आणि ज्यांच्या जखमांवर जाड, उंच वण येतात त्यांनी या वाटेला जाऊच नये.

नाकावरच्या चिकटपट्ट्यांचे काम याहून वरवरचे. पट्टीला चिकटून आलेले असंख्य टोकदार कण पाहून समाधान होते. पण त्यांत बहुतेक तेलाचे तंतू आणि बारीक केस असतात. रंध्राच्या तळाशी काहीच बदलत नाही. रेटिनॉइड चालू असताना पट्टी ओढल्यास वरची कातडीही निघू शकते.

पार्लरमधील ‘क्लीन-अप’ करून घ्यायचे झाल्यास आधी एकच प्रश्न विचारावा : सळी प्रत्येक ग्राहकानंतर निर्जंतुक केली जाते काय? रक्ताचा अंश राहिलेल्या उपकरणातून हिपॅटायटिससारखे आजार पसरू शकतात. लग्नकार्य असेल तर हा सोपस्कार निदान दोन आठवडे आधी उरकावा. आदल्या दिवशी कदापि नाही.

स्वयंपाकघरातील उपायांची पारख

घरगुती उपायांकडे सरसकट तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही आणि ते घरचे आहेत म्हणून निरुपद्रवी मानण्याचेही नाही. मुलतानी माती वरचे तेल शोषते. आठवड्यातून एकदा, वाळून तडकण्याआधी धुऊन टाकल्यास तिचा त्रास नाही. बूच मात्र ती विरघळवत नाही. बेसन किंवा मसुराच्या डाळीचे पीठ बारीक असेल तर सौम्य धुण्यासाठी चालते. अभ्यंगस्नानाचे उटणे अंगाला लावण्यासाठी आहे. त्यातील भरड कण मुरमांच्या चेहऱ्यावर रगडू नयेत. भिरंडाचे तेल भेगाळलेल्या टाचांचे आणि फुटलेल्या ओठांचे जुने औषध. तेलकट नाकाला त्याची गरज नाही.

लिंबाचा रस मात्र चेहऱ्यापासून दूरच ठेवावा. तो तीव्र आम्ल आहे, आणि लिंबूवर्गीय फळांचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे चट्टे उठून काळे डाग राहतात. खाण्याचा सोडा याउलट क्षारधर्मी. तो त्वचेचे संरक्षक आवरण बिघडवतो. टूथपेस्टमधील पुदिना व फेस आणणारी द्रव्ये दातांसाठी आहेत, नाकासाठी नव्हेत. वाफ घेतल्याने रंध्रे ‘उघडतात’ हा समजही खरा नाही, कारण त्यांना उघड-मीट करणारे स्नायूच नसतात. उबेने तेल थोडे मऊ होते इतकेच, आणि ते कोमट पाण्यानेही होते. उकळत्या पातेल्यावर तोंड धरून भाजून घेण्याचा धोका त्यासाठी पत्करू नये.

ट्यूबवरील बारीक अक्षरे

या साऱ्यांहून गंभीर संकट औषधांच्या दुकानातील एका छोट्या ट्यूबमध्ये दडलेले असते. शेजारणीला गुण आला, मैत्रिणीचा चेहरा उजळला म्हणून आणलेल्या क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असते. लावल्यावर काही दिवसांत लाली ओसरते, त्वचा गोरी आणि गुळगुळीत भासते. महिन्या-दोन महिन्यांत तीच त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि मुरमांचे पेवच फुटते. क्रीम थांबवले की आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. आणि माणूस त्या ट्यूबचा अंकित होतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार इतक्या वारंवार दिसू लागला की त्यांनी त्याला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर बंधन आणले. तरीही ग्राहकाने स्वतः सावध असलेले बरे.

ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही नाव दिसले तर ती ब्लॅकहेडसाठी नाही, हे पक्के समजावे. कोणी आधीच महिनोन्महिने वापरत असेल तर लाजून लपवू नये आणि एकदम बंदही करू नये. ट्यूब घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. सरकारी इस्पितळांच्या त्वचारोग विभागातही याचे उपचार होतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

बारा आठवडे नियमित काळजी घेऊनही फरक नसेल, दाणे लाल, खोल आणि दुखरे होऊ लागले असतील किंवा खळगे पडत असतील, तर घरचे उपाय थांबवावेत. एखाद्या तरुणीला मुरमांबरोबर पाळीची अनियमितता आणि हनुवटीवर जाड केस असा त्रास असेल, तर कारण संप्रेरकांत असू शकते आणि त्याची तपासणी निराळी असते. गॅरेजमध्ये किंवा लेथवर काम करणाऱ्यांच्या बाहूंवर व मांड्यांवर ब्लॅकहेडचे पुंजके दिसले तर ते तेलाने भिजलेल्या कपड्यांचे लक्षण असते. तेथे चेहऱ्याच्या क्रीमपेक्षा कामाचे कपडे रोज बदलणे अधिक उपयोगी.

उतारवयात डोळ्यांच्या बाजूंना आणि गालफडांवर मोठे काळे ठिपके दिसू लागतात. आयुष्यभर उन्हात राबलेल्या मच्छीमारांत व शेतकऱ्यांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, ते अधिक आढळतात. उन्हाने आणि धुराने झिजलेल्या त्वचेचे ते चिन्ह आहे आणि त्यावर उपचार आहेत. परंतु एकच काळा ठिपका वाढत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील, त्यातून रक्त येत असेल किंवा तो बरा होऊन पुन्हा चिघळत असेल, तर त्याला ब्लॅकहेड समजून खरवडू नये. तो त्वचेच्या कर्करोगाचा प्रारंभ नाही, याची खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

मृगापासून चतुर्थीपर्यंत

ठिपके गेल्यावर औषध एकदम सोडले तर काही आठवड्यांनी ते परततात. रंध्रे तीच, ग्रंथी त्याच. म्हणून सुधारणा झाल्यावर आठवड्यातून दोन-तीन रात्री औषध चालू ठेवावे आणि वयाचा तो टप्पा ओसरेपर्यंत धीर धरावा. घरातील मोठ्यांनी ‘चेहरा धुतोस की नाही’ असे टोचून बोलणे टाळले, तर तो धीर धरणे मुलांना सोपे जाईल. दोष त्यांच्या स्वच्छतेचा नाही.

चतुर्थीला आरतीच्या उजेडात चेहरा नितळ दिसावा, अशी इच्छा असणे स्वाभाविक आहे. त्यासाठी आदली रात्र फार उशिराची. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हापासून चतुर्थीपर्यंत साधारण बारा-तेरा आठवडे मिळतात. त्वचेला लागतो तो जवळजवळ तेवढाच अवधी. पेरणी मृगात करणाऱ्या शेतकऱ्याला रोप ओढून वाढवता येत नाही, हे गावाकडे कोणाला सांगावे लागत नाही. आरशासमोरच्या बोटांनीही तेवढेच लक्षात ठेवावे.